बिननिचऱ्याचा हौद

आमच्या मंडळीचा बाप्तिस्म्याचा हौद बांधून झाला तेव्हा त्यात सगळं होतं. उतरायला चार पायऱ्या, धरायला स्टीलचा दांडा, निळ्या टाइल्स, काठावर कोरलेलं वचन. फक्त पाणी बाहेर जायला वाट नव्हती.

पहिल्या बाप्तिस्म्यापर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाळकसाहेबांनी सात जणांना बुडवून बाहेर काढलं, शेवटचं आमेन झालं, आणि मग खजिनदार हौदाभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले की बूच कुठं सापडत नाही. गवंडी पुढे आला. त्यानं तळाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा तळासारखाच झाला, गुळगुळीत आणि कुठूनही वाट नसलेला.

बावीस वर्षं त्यानं थोरल्या भावासोबत जोडीनं काम केलं होतं. दादा प्लंबर. तो पाइप टाकून, निचऱ्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून जाई, आणि मग धाकटा त्या बोळ्याभोवती फरशी बसवी. बोळा दिसला की तिथं भोक ठेवायचं, नाही दिसला की पुढं जायचं. तीन वर्षांपूर्वी दोघांचं फाटलं. हा हौद धाकट्यानं एकट्यानं बांधला, बोळा कुठं दिसला नाही, त्यानं टाइल्स सलग बसवल्या. काम नेहमीसारखंच चोख होतं. नव्हता तो फक्त दादा.

फाटायला कारणही फरशीचंच. एका घरात न्हाणीघराचा ढाळ उलटा गेला आणि आंघोळीचं पाणी रोज सकाळी झोपायच्या खोलीत येऊ लागलं. घरमालकानं जाब विचारला तेव्हा धाकट्यानं दादाच्या पाइपाकडे बोट दाखवलं. ते कुणाला पटेना, तेव्हा म्हणाला की झालं ते झालं, देवाचाच काही हेतू असेल. दादानं आपले पाने-पक्कड पिशवीत भरले आणि जाताना एवढंच म्हणाला, "ढाळ लेव्हल लावून देतात, देवाचं नाव लावून नाही." ढाळ धाकट्याचाच चुकला होता. हे दोघांना माहीत होतं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

तर हौद बादल्यांनी उपसावा लागला. सगळी मंडळी रांगेत उभी राहिली आणि बादली या हातातून त्या हातात जाऊ लागली. त्यात दोन जावा शेजारी आल्या. चार वर्षं त्या एकमेकींशी पाळकसाहेबांमार्फत बोलत होत्या. पन्नासाव्या बादलीला एक म्हणाली, जरा कमी भरायला सांग त्यांना. दुसरी म्हणाली, तूच सांग, तुझा आवाज मोठा. एवढ्यावर समेट झाला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी यावरच उपदेश केला. माणूस चुकतो, पण प्रभू त्या चुकीतूनच आपला हेतू साधतो. बायबलातल्या योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकून परदेशी विकलं, तिथं तो धान्यकोठारांचा अधिकारी झाला, म्हणून तर पुढं दुष्काळात सगळं घर जगलं. पंचकमिटीला हे फारच पटलं, कारण हेतू निघाला की फोडाफोड करावी लागत नाही. हौद आहे तसा ठेवावा आणि दर वेळी बादल्यांनी सेवा करावी, असा ठराव झाला.

लोक गवंड्याचा हात हातात घेऊन सांगू लागले की देवानं तुला वापरलं. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य त्यानं आनंदानं घरी नेलं असतं. आता ते दाताखाली खडा यावा तसं लागलं. घरी येऊन म्हणाला की हौद फोडणार. बायकोनं विचारलं की सगळ्यांनी माफ केलंय, मग तुम्हाला कुठं बोचतंय. तो म्हणाला की माफ कुठं केलंय, चूकच माझ्याकडून काढून घेतलीय.

संध्याकाळी तो पाळकसाहेबांकडे चर्चची चावी मागायला गेला.

"म्हणजे देवाचा हेतू नव्हता म्हणतोस?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"असेल ना. जावा बोलल्या, ते त्याचं काम. भोक विसरलो, ते माझं. त्यानं त्याचं केलं, आता मला माझं करू द्या."

"आणि योसेफ?"

"त्याच्या भावांनी शेवटी चूक तोंडानं कबूल केलीच की, साहेब. उपदेशात तेवढं राहिलं."

पाळकसाहेबांनी टेबलाचा खण उघडला. मग चावी देऊन म्हणाले की कमिटीला मी बघतो, पण रविवारी चौघांचा बाप्तिस्मा आहे, त्याच्या आत आटप.

छिन्नी होती, हातोडा होता. पाइप दुसऱ्या कुणीही बसवून दिला असता, बायकोनं तसं दोन नावांसकट सुचवलंही. तो दादाच्या घरी गेला. वहिनीनं दार उघडलं. दादा जेवत होता. धाकटा उभ्या उभ्याच बोलला.

"दादा, त्या न्हाणीघराचा ढाळ माझा चुकला होता. तुझा पाइप बरोबर होता."

दादानं घास पुरता चावला. "हे सांगायला तीन वर्षं?"

"ढाळ उलटा. पोचायला वेळ लागला."

वहिनी हसू लपवायला पाणी आणायला गेली.

"आणि ते हौदाचं काय ऐकतोय?" दादा म्हणाला. "देवानं भोक विसरायला लावलं म्हणे."

"देवानं नाही. तू बोळा ठेवला नव्हतास, म्हणून..." धाकटा थांबला. "मी विसरलो."

दादानं ताट जरा बाजूला सरकवलं आणि त्याला बसायला जागा केली.

गुरुवारी दोघांनी तळ फोडला. दादानं भिंतीपलीकडच्या गटारापर्यंत पाइप नेला, तोंडात बोळा कोंबला आणि बाजूला झाला. धाकट्यानं नव्यानं ढाळ दिला. चार वेळा लेव्हल लावली, पाचव्यांदा दादाच्या हातात दिली. दादानं ती न लावताच परत केली.

शनिवारी सिमेंट पक्कं झाल्यावर पाळकसाहेब बघायला आले. धाकट्यानं बोळा ओढून काढला आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी चारी बाजूंनी मधे आलं, भोवऱ्यासारखं फिरलं आणि गेलं. टाइल्सवर थेंबभर राहिलं नाही. पाळकसाहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, दोघा भावांकडे पाहिलं, आणि रिकामी बादली उचलून जागेवर ठेवायला गेले.

धाकटा बोळा फेकायला निघाला.

"धुऊन ठेव," दादा म्हणाला. "सोमवारी एका घरी मोरीचं काम आहे."