कॉलेज फाट्यावरचा बाक

मी बाक बोलतोय. खालापूरच्या रस्त्याला, कॉलेजच्या फाट्यावर, थांब्याच्या पत्र्याखाली असतो तोच. माझा जन्म मोहोपाड्याजवळ सिमेंटच्या साच्यात झाला. पाठीवर एका वारलेल्या माणसाचं नाव आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकता यावं म्हणून त्याच्या मुलाने मला इथे बसवलं.

सगळ्यात जास्त टेकली ती गौराबाई. ती वीटभट्टीवर राबायची. भट्टीची जमीन बंगल्यांसाठी विकली गेली, तिथली झोपडी गेली, आणि निळं गाठोडं घेऊन ती माझ्याकडे आली. दोन पावसाळे राहिली. सकाळी आधी मला पुसायची, मग स्वतःचं तोंड धुवायची.

संध्याकाळी प्रॅक्टिकल संपवून सिद्रा यायची. कर्जतची मुलगी, दुसऱ्या वर्षाला. एसटी चुकली की रिक्षाच. रिक्षा थांबली की गौराबाई तिच्याआधी पुढे.

"कुनाचा रं तू?"

"तुला काय करायचंय, म्हातारे?"

"बापाचं नाव सांग. नायतर हो पुढं."

"पळसदरीच्या पोपटचा."

"मंग हळू चालव. बस गं पोरी."

जो बापाचं नाव सांगायला टाळाटाळ करी, त्याच्या रिक्षात ती मुलींना चढू देत नसे. सिद्रा हसायची. "आजी, माझ्या निकाहाला नवऱ्यालापण तूच विचार."

"इचारीन की. अडखळला तर परत धाडीन."

एकदा गौराबाई तापाने दवाखान्यात होती. त्याच संध्याकाळी मोटरसायकलवरच्या दोघांनी एका मुलीची ओढणी ओढली. कॉलेजात सभा झाली. चार दिवसांनी सिद्राची मैत्रीण रिया सह्यांचे कागद घेऊन थांब्यावर आली.

"थांब्यावर दिवा लावायला अर्ज आहे. सही कर पटकन."

दवाखान्यातून परतलेल्या गौराबाईने आपलं गाठोडं उचलून कागदांना माझ्यावर जागा करून दिली. सिद्राने वरचं पान वाचलं नाही. शेवटचं उघडलं आणि सही केली. सगळ्यांनी तसंच केलं होतं.

वरच्या पानावर दिवा होता, कॅमेरा होता. त्याखाली एक ओळ होती : थांब्यावर मुक्काम करणाऱ्यांना हटवावे. कागद माझ्याच अंगावर होता, पण तेव्हा मला वाचा नव्हती.

आठवड्याने तिला हटवायला पंचायतीचा टेंपो आला. गौराबाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी जाते, पन पोरी सुटल्या की कुनीतरी हितं बसत जा रं." मग माझ्या अंगात भोकं पाडून तीन लोखंडी दांडे ठोकले. आता माझ्यावर कुणाला आडवं होता येत नाही.

दिवाही लागला. त्या उजेडात सिद्राने विचारलं, "आजी कुठंय?"

रिया खाली बघून म्हणाली, "अर्जात होतं ते. आपणच सह्या दिल्यात."

तेवढ्यात रिक्षा थांबली. सिद्रा पुढे झाली. "कुणाचा रे तू?" रिक्षावाला हसला आणि वरपासून खालपर्यंत तिला बघत राहिला. त्या दोघी चढल्या नाहीत. एसटी येईपर्यंत दोन दांड्यांच्या मध्ये एकमेकींना चिकटून बसल्या.

सिद्रा अजून शोधतेय. कर्जत स्टेशनवर, दवाखान्यात, देवळांच्या पायऱ्यांवर.

फाट्यावरच्या प्रत्येकाला 'कुणाचा' विचारणाऱ्या बाईला टेंपोत चढवताना, 'तू कुणाची' एवढं कुणी विचारलं नाही. तुम्हाला कुठे निळं गाठोडं घेतलेली म्हातारी दिसली, तर तिला हाकलू नका. आणि कुणी विचारलंच, तर सांगा, कॉलेज फाट्यावरच्या पोरींची आहे ती.