उलटा कासा

मुरुडच्या एसटी स्टँडमागे जवेरियाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. महिन्यापूर्वी हरेश्वरकाका तिथे फोनची काच बदलायला आले, तेव्हा पिशवीत आणखी एक वस्तू होती. काकांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन वीस वर्षं झाली. ती जागा आता रिकामी करताना कपाटामागे त्यांना आपला पहिला कॅमेरा सापडला होता.

"भंगारात टाकायच्या आधी तुला दाखवतो," ते म्हणाले. "तुला सगळं उघडून बघायची हौस."

काळा, वहीएवढा चपटा डबा. कडेची कळ दाबली तर झाकण अर्धंच उघडलं. जवेरियाने ते बोटाने हलकेच ओढलं आणि आतून चामड्याचा घड्याघड्यांचा भाता भिंगाला घेऊन पुढे सरकला.

"या अल्ला!" ती म्हणाली. "काका, हा तर घडी होऊन झोपला होता!"

"शटर कधीचं अडकलंय. नाही चालायचा तो आता."

जवेरियाला एवढं पुरलं. रोज दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती कॅमेरा घेऊन बसायची. शटरची पाती जुन्या तेलाने चिकटली होती. मोबाइलचे बोर्ड धुवायच्या स्पिरिटने तिने ती तीनदा धुतली. चौथ्या दिवशी खटका दाबला आणि 'टिक' झालं. परत दाबला. टिक! ती अशी ओरडली की शेजारचा चपलावाला धावत आला. मग अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरून पाहिलं, तर घड्यांच्या कोपऱ्यांतून उजेडाचे अकरा ठिपके. छत्रीच्या काळ्या कापडाचे तुकडे आणि पंक्चरचं सोल्युशन लावून तिने अकराच्या अकरा बुजवले.

राहिलं भिंग. त्याच्यावर बुरशी चढली होती आणि ते जागचं हलत नव्हतं. गरम हवेच्या गनने शेकल्यावर ते एकदाचं फिरलं, फिरत फिरत हातातच आलं. तिने ते चकचकीत पुसलं, परत बसवलं आणि काकांना फोन लावला.

"काढायच्या आधी खूण केलीस?" काकांनी विचारलं.

"कसली खूण?"

"अगो, ते भिंग आट्यांवर फिरतं. किती आत बसवलं त्यावर फोटो स्पष्ट येणार की पुसट, ते ठरतं. त्याची मूळ जागा आता कशी कळणार?"

तीन आठवड्यांची मेहनत! जवेरियाने नाक ओढलं.

"रडतेस की काय?" काका म्हणाले. "जागा शोधता येते. उद्या सकाळी बटर पेपर घेऊन समुद्रावर ये. आणि एक मोठं काळं कापड."

काळं कापड म्हणून तिने अम्मीचा जुना बुरखा उचलला. "माझा बुरखा कुठे चाललाय ते मला बघू दे," म्हणत अम्मी रहिमुन्निसाही मागोमाग निघाली.

पुळणीवर मासळीचे दोन क्रेट एकावर एक ठेवून काकांनी कॅमेरा मांडला. मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून चिकटवला. समोर समुद्रात कासा किल्ला होता. "लांबची वस्तू कागदावर स्पष्ट दिसली, की भिंगाची जागा सापडली. याच्याहून बरी कुठली मिळणार?" म्हणत त्यांनी शटर उघडं धरलं. जवेरिया बुरख्याखाली शिरली आणि हात पुढे घालून भिंग फिरवू लागली.

"काय दिसतंय?"

"नुसतं दूध."

"फिरव अजून. हळू."

कागदावर एक करडी रेघ आली, गेली, परत आली. मग रेघेला दात फुटले.

"काका! पाणी वर आहे! कासा उलटा लटकलाय! बुरूज दिसतायत, सगळे! अम्मी, लवकर ये!"

रहिमुन्निसा बुरख्यात घुसली. "अरे देवा, होडी डोक्यावर चाललीय!" आतून तिचं हसू थांबेना.

मग काका वाकले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. भिंगावरची त्यांची बोटं मात्र केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे होत होती.

"आता बघ," ते म्हणाले.

जवेरियाने पाहिलं. तटाचा दगडन् दगड सुटा दिसत होता. "स्क्रू आवळ," काका म्हणाले, "मी भिंग धरून ठेवतो."

त्याच आठवड्यात मुंबईहून फिल्म आली. एका रोलवर आठच फोटो. जवेरियाने श्वास रोखून एकेक काढला. पहिला अम्मीचा, दुसरा काकांचा. काकांनी आपल्या न्हाणीघरात रोल धुतला आणि ओली पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. जवेरियाने मोजायला सुरुवात केली. एक हलला होता. बाकी सात स्वच्छ, अगदी अम्मीच्या कपाळावरची बटसुद्धा.

"सात!" काका ओरडले. "माझ्या पहिल्या रोलवर तीनच आले होते गो!"

"मग पुढच्या रोलला तुम्ही काढा," जवेरिया म्हणाली. "मी क्रेट उचलते."

काका नको म्हणाले नाहीत. त्यांनी पट्टी दोरीला लावली, चष्मा पुसला आणि विचारलं, "दुसरा रोल कधी येतोय?"