लाह्यांच्या पर्सचं झाकण

हे लिहायचं न्हाई असंच ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. सकाळी दयाचा फोन आला, म्हणून लिहून राहिलो.

मी बसवंत. गाव निलंग्याकडं, काम नांदेडात, मोबाईल दुरुस्तीचं. आणि मी क्रोशा विणतो.

हं. लिहिलं एकदाचं.

शिकवलं कुणीच न्हाई. गिऱ्हाइकाचा फोन दुरुस्त झाला की आवाज, स्क्रीन बघायला कुठलाही व्हिडिओ लावायचा. एकदा क्रोशाचा लागला. नुसती एका बाईची बोटं अन् सुई. गिऱ्हाईक फोन घेऊन गेलं, मी तोच व्हिडिओ माझ्या फोनवर शोधला. मी डावरा, त्यामुळं सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करावं लागलं. तरी जमलं.

खोलीवरच्या पोरांना एकदा माझ्या बॅगेत लोकर सापडली. "बसवंत्या, आता डोक्यावर पदर घे की रं!" मी म्हणलो, आईची हाय. त्यांच्यासंगं हसलो बी.

खरं दोघांनाच माहीत होतं. दया, म्हणजे दयानंद, माझा जिगरी दोस्त, अर्धापूरचा, केळीच्या गाड्या भरून पाठवतो. अन् त्याची बहीण पुनम.

पुनमचं लग्न उदगीरला जमलं. लग्नात नवरीकडून रुखवत मांडतेत, नवरीच्या हातची कला म्हणून. पुनम म्हणली, "भाऊ, सगळं दुकानातलंच मांडायलेत. मोत्याचा गणपती, सुपारीचे नवरा-नवरी. एक तरी चीज माझ्या हातची पायजे. मला शिकव."

शिकवलं. त्यांच्या घरी, दार लावून घेऊन. दार मीच लावायचो.

तिला एक फुगीर टाका आवडला. व्हिडिओत त्याला पॉपकॉर्न म्हणतेत, आम्ही लाह्या म्हणायचो. एकाच भोकात पाच खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे, सुई काढायची, पहिल्या खांबातून घालून सुटलेला फास ओढून घ्यायचा. टाका टचकन वर येतो, ज्वारीची लाही फुटल्यासारखा. तिचा पहिला टाका वर आला तवा ती वरडली, "फुटली, फुटली!" आतून आई, "काय फोडलंस गं?"

जांभळी पर्स. किती वेळा उसवली असंल तिनं. मी कराय लागलो की हातातून हिसकून घ्यायची. तेवढं झाकण राहिलं अन् मेंदीचा दिवस आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले.

"भाऊ, झाकण तू कर. कुणाला कळतंय?"

गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं बसून केलं.

लग्नात रुखवतापुढं नवरदेवाकडच्या बायकांची गर्दी. सगळ्यात पुढं त्याची मावशी, शांतम्मा. मोत्याच्या गणपतीकडं तिनं बघितलं बी न्हाई. सरळ पर्स उचलली. झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"अय्यो, लाह्या किती सुबक गं पोरी! पण खालच्या एकीकडं कलल्यात अन् झाकणाच्या दुसरीकडं. झाकण डावऱ्या हाताचं हाय. मदतीला कोण होतं?"

भांडत नव्हती ती. हौसेनं विचारत होती. स्वतः विणणारी बाई, तिला संगत मिळाल्याचा आनंद झालता. हे मला आता कळून राहिलंय.

पुनम शेजारीच उभी. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, नाव न्हाई घेतलं.

मी पंगतीत वाढायला निघालेलो. वरणाची बादली उजव्या हातात, पळी डाव्या. मागं खोलीवरची पोरं. नवरदेवाचे दोस्त. एक जण मोबाईलवर शूटिंग करायलेला.

एवढंच म्हणायचं होतं, मावशी, झाकण माझं हाय, बाकी सगळी पर्स तिची.

तोंडातून निघालं, "मावशी, ती विकतची हाय. नांदेडातून मीच आणली."

अन् पळी उजव्या हातात घेतली.

शांतम्मानं पर्स जाग्यावर ठेवली. "विकतची व्हय," म्हणली, अन् पुढं सरकली. मागून एका बाईचा आवाज, "आता चहा तरी घरी करंल का, का त्यो बी हाटेलातून मागवंल?" सगळ्या हसल्या. शूटिंगवाला बी हसला. पुनम आपल्या मेंदीकडं बघत राहिली. तिनं बोलायचं ठरवलं असतं तर बोलली असती. माझ्यामुळं बोलली न्हाई.

आख्ख्या रुखवतात एकच वस्तू तिच्या हातची होती. मी नेमकी तीच विकतची केली.

त्या दिवशी दया काही बोलला न्हाई. माझ्या पंक्तीला जेवायला बसला न्हाई, एवढंच.

आज सकाळी फोन.

"बसवंत्या, पुनमच्या पोळ्या चांगल्या झाल्या की तिकडं विचारतेत, विकतच्या हायत का गं? गमतीनंच. पण रोज."

मी फोन घेऊन खोलीबाहेर जिन्यात आलो.

"सुई-लोकर कुणाला तरी देऊन टाक, असं आईला सांगितलंय तिनं."

"दया, मी..."

"तू काय? तुला पोरं दोन दिवस हसली असती. तिला तिथं जन्म काढायचाय, बाबा."

शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मग म्हणला, "आयतवारी तिला माहेरी आणायला जायचंय. मी चाललो मुराळी म्हणून. ठेवतो."

"ठेवू नको. मी बी येतो."

"कशाला?"

"शांतम्मा मावशीला बोलावून घे. हसल्या त्या बायकांना बी. त्यांच्यापुढं ते झाकण उसवतो अन् तिथंच बसून परत घालतो, डाव्या हातानं. मग सुई पुनमच्या हातात देतो. तिची लाही कुणीकडं कलती ते बघू दे त्यांना. शूटिंग करायचं तर करू दे."

दयाच्या मागं गाडीत केळीचे घड ठेवल्याचा आवाज.

"उदगीरात सगळ्यांपुढं बोलशील तू? खोलीवरच्या पोरांपुढं लोकर काढली न्हाईस अजून."

"आज काढतो. फोन चालू ठेवून काढतो, ऐक तू. अन् आयतवारी तुझ्या आधी येऊन उदगीरच्या स्टँडवर थांबतो, दया. तुझी शप्पथ."