खालची अक्षरं

वीरधवल उंबऱ्याबाहेर वाकून चिखलानं भरलेल्या बुटांच्या नाड्या सोडत होता, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला.

"ती म्हणतीये, मी तुला सात वेळा फोन केला. सात वेळा."

नाडी बोटांत तशीच राहिली.

"आन् त्यो काय म्हंतोय?" हा आईचा आवाज.

"तो काहीच म्हणत नाही, आत्या. खाली मान घालून बसलाय."

दुपारचे अडीच वाजले होते. उसाला पाणी सोडून तो रोजच्यापेक्षा तासभर लवकर घरी आला होता. दार अर्धं उघडं होतं. आत त्याची आई रंगूबाई भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी रिमोट मांडीवर ठेवून संयोगिता. समोर टीव्हीवर एका चिंचोळ्या स्वयंपाकघरात एक कोरियन बाई ओट्याला टेकून उभी होती. तिचा नवरा गुडघ्यावर बसून मोरीचा पाईप आवळत होता. बाई काहीतरी बोलली. खाली इंग्रजी अक्षरं उमटली.

वीरधवल पलटणीत हवालदार क्लार्क होता. दिवसभर इंग्रजी कागदच त्याच्या हाताखालून जात. त्यानं सहज वाचलं. पाईप पुन्हा गळतोय, दुरुस्तीवाला कधी येणार, एवढंच ती बाई विचारत होती.

"ती म्हणतीये," संयोगिता सावकाश म्हणाली, "एकदा तरी उचलायचा होतास."

वीरधवलनं सोडलेली नाडी पुन्हा बांधली आणि आवाज न करता तो अंगणातून मागं फिरला. पाण्याचं दार बदलून ते पुढच्या सरीत सोडायचं राहिलंय, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं. बांधावर पोचल्यावर मात्र फावडं हातात धरून तो बराच वेळ नुसताच उभा राहिला.

रजेचा तो अकरावा दिवस होता. या अकरा दिवसांत संयोगिता त्याला एक शब्दही वावगा बोलली नव्हती. सकाळी अंघोळीचं पाणी काढलेलं असे, कपड्यांना इस्त्री असे, ताटात त्याच्या आवडीची भाजी असे. काही विचारलं तर ती उत्तर द्यायची, आणि उत्तराच्या पुढं एक अक्षर नाही. साहेबाच्या बंगल्यावर नव्यानं लागलेला जवान वागतो तसं ती त्याच्याशी वागत होती. वीरधवलला ते कळत होतं, आणि कळतंय हे दाखवायची त्याची छाती नव्हती.

संध्याकाळी रंगूबाई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या. तो शेजारी जाऊन टेकला, चार शेंगा स्वतःच्या हातात घेतल्या.

"आई, ते कोरियाचं काय बघता गं दुपारी?"

"बघतो आपलं." रंगूबाईंनी मान वर केली नाही. "दवाखान्यातनं आणली न्हवं हिला, तवापासनं. बारा दिस ही पोरगी भिताडाकडं तोंड करून पडून हुती. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. रडंना बी. मला तर लय भ्या वाटलं. मग एक दिस मोबाईलवर कायतरी बघत हुती. त्यातली बाय हमसून हमसून रडत हुती. म्या म्हटलं, काय झालं गं हिला? तर ही सांगाय लागली. बारा दिसांनी पयल्यांदा तोंड उघडलं बघ."

"हिंदीत असतंय की आता समदं."

"हिंदीतलं संपलं. ह्ये खाली इंग्रजी येतंय ते. ती वाचून सांगती, मी ऐकती."

"आपल्याकडच्या मालिका काय वाईट हायेत?"

रंगूबाईंनी किडका दाणा वेचून बाजूला टाकला. "आपल्यातली बाय एकतर देवी असती न्हाईतर सटवी. ह्यातली माणसं चुकत्यात रं. चांगलीच माणसं, पर चुकत्यात. आन् चुकल्यावर दुसऱ्या दिशी त्याच घरात भांडी घासाय लागत्यात. आपल्यावानी."

  सोललेल्या दाण्यांत त्यानं टरफलं टाकली होती, ती रंगूबाईंनी गुपचूप वेचून काढली.

गेल्या मार्गशीर्षातली ती गोष्ट. संयोगिताला सहावा महिना लागला होता. रविवारी भर दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. शेजारच्या साईराजनं जीप काढली. कडेगावहून सांगली गाठेपर्यंत रंगूबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि संयोगिता मोबाईल कानाला लावून होती. बाळ वाचलं नाही. वीरधवल चौथ्या दिवशी पोचला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "रेंजच नव्हती." कुणी काही विचारलं नाही. फौजेतल्या माणसाचं असंच असतं, असं रंगूबाईंनीच पाहुण्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो शेतावर गेला नाही. औषध मारायच्या पंपाचा नोझल तुंबला होता, तो घेऊन दुपारी टीव्हीच्या खोलीत, सोप्यातच दाराशी बसला. जेवणं झाली. संयोगितानं भांडी पालथी घातली, हात पुसले, त्याच्याकडं एकदा पाहिलं. आज बघणं होणार नाही असं त्याला वाटलं. पण तिनं रिमोट उचलला.

पडद्यावर तेच जोडपं होतं. समुद्रकाठचं गाव. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. दिसायला दोघं चारचौघांसारखी. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर विटलेली. दोघं बस थांब्यावर एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसली होती. बाई म्हणाली, सेहेचाळीस नंबरची बस आज उशिरा आहे. तो म्हणाला, दुरुस्तीला गेली असेल.

"ती म्हणतीये," संयोगिताचा आवाज नेहमीसारखा सपाट होता, "गाडीत मला खड्डा न् खड्डा कळत होता. प्रत्येक खड्ड्याला मी तुझं नाव घेत होते."

वीरधवलच्या हातातली तार नोझलच्या भोकातून घसरली आणि बोटात रुतली. त्यानं बोट तोंडात धरलं. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही म्हणून तो पडद्याकडं बघत राहिला. पडद्यावर बस आली. दोघं चढली.

"आन् त्यो?" रंगूबाईंनी विचारलं.

"तो म्हणतोय, बस आली."

ते मात्र खरं होतं.

रंगूबाईंनी सुस्कारा सोडला. "त्यो वंगाळ न्हाई गं. म्या पयल्यापासनं बघतीय त्याला. काम करतोय, दारू पीत न्हाई, हात उचलत न्हाई. भ्याड हाय नुसता."

सोप्यातल्या खुंटीवर वीरधवलचा युनिफॉर्म लटकत होता. सकाळीच संयोगितानं त्याला कडक इस्त्री केली होती. त्याला उठून जावंसं वाटलं. पण उठायचं तर तिच्या आणि टीव्हीच्या मधून जावं लागणार होतं.

पडद्यावर आता घर होतं. नवरा-बायको समोरासमोर बसून जेवत होती.  चमच्यांचा आवाज तेवढा येत होता. मग नवऱ्यानं चमचा खाली ठेवला आणि तो बोलू लागला. हळू, थांबून थांबून.

संयोगिता पडद्याकडं बघत राहिली.

"काय म्हंतोय गं?"

"आत्या, मला नीट वाचता येईना. अक्षरं पटकन जातायत."

रंगूबाई तिच्याकडं वळल्या नाहीत. त्या वळल्या दाराकडं, मुलाकडं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. जीपमध्ये सुनेचं डोकं मांडीवर घेऊन जी बाई सांगलीपर्यंत गेली होती, तिला कुठल्या गोष्टीतलं काय खरं, हे सांगायला इंग्रजी अक्षरांची गरज नव्हती. हे वीरधवलला त्या क्षणी लख्ख कळलं.

"तुला येतंय न्हवं वाचाया?" त्या म्हणाल्या. "मग तू सांग. काय म्हंतोय त्यो?"

वीरधवलनं पडद्याकडं पाहिलं. भात आज छान झालाय, असं तो कोरियन माणूस म्हणत होता. आईच्या हातचा असाच असायचा.

"त्यो म्हणतोय..." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. त्यानं पंप बाजूला सारला. "त्यो म्हणतोय, फोन वाजला तवा मी जागाच हुतो. बराकीत. फोन हातातच हुता."

त्यानं हातातली तार खाली ठेवली.

"आदल्या दिशी आमचं भांडण झालं हुतं. ती म्हटली, बाळंतपणानंतर सांगलीला बी.एड. करीन. मी म्हटलं, घरात काय कमी हाय? लय बोललो मी तिला. दुसऱ्या दिशी फोन आला तर मला वाटलं, माफी मागायला करतीय. म्हटलं, वाजू दे. जरा कळू दे हिला. पुन्हा वाजला, मग मला बरं वाटलं. सात वेळा वाजला आन् सातही वेळा मी त्याच्याकडं बघत हुतो."

कोरियन नवरा केव्हाच बोलायचा थांबून जेवू लागला होता.

"रेंज हुती," वीरधवल म्हणाला. "असं म्हणतोय त्यो."

संयोगितानं रिमोट दाबला. चित्र थांबलं. नवऱ्याचा चमचा तोंडाजवळ आणि बायकोची मान अर्धी वळलेली. ती उठेल, आत निघून जाईल, किंवा अंगावर धावून येईल, असं काहीतरी वीरधवलला वाटलं. त्यानं पाठ ताठ केली. ती बसल्या जागी बसून राहिली, आणि बोलली ती रंगूबाईंशी.

"ते तिला ठाऊक होतं, आत्या. रेंज नसली की रिंग जात नाही. तिला रिंग ऐकू येत होती. पूर्ण. सातही वेळा."

 मग रंगूबाई भिंतीला हात देत उठल्या. पदर सारखा केला. मुलाच्या जवळून जाताना त्या थबकल्या, आणि चपला पायांत सरकवून त्यांनी एवढंच म्हटलं, "मी शालूबाईकडं जाऊन येती." शालूबाईचं घर बोळाच्या पलीकडं होतं. एरवी दुपारी त्या तिथं कधीच जात नसत.

वीरधवल उठून संयोगिताच्या जवळ गेला. आईची जागा रिकामी होती. तिथं बसावं की न बसावं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो हातभर अंतर ठेवून टेकला. बोटातून अजून रक्त येत होतं. तिनं ते पाहिलं असावं. 

माफी मागायचे शब्द त्यानं गेले कित्येक महिने मनात जुळवले होते. मराठीत जुळवले होते, हिंदीत जुळवले होते. आता त्यातला एकही धड वाटेना.

"पुढं काय हुतं?" त्यानं पडद्याकडं बोट करून विचारलं. "ती ऱ्हाती का त्याच्याबर?"

"मला काय माहीत?" संयोगिता म्हणाली. आवाज पहिल्यांदाच किंचित फाटला. "मीही पहिल्यांदाच बघतीये."

तिनं चित्र सुरू केलं. ती सरकली नाही, आणि त्याला ऊठही म्हणाली नाही. त्या घरातली दोघं पुन्हा बोलू लागली. तिनं काही सांगितलं नाही. खालची अक्षरं ज्याची त्यानं वाचली.