पोटभर खाऊन हलकं होणं

माझी थोरली बहीण सोल्वाय दुपारी झोपते. पाव भाजणाऱ्यांची झोप दुपारचीच. अकराला दुकानातली गर्दी ओसरते आणि बाराच्या सुमाराला ती मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांशेजारी टाकलेल्या बाकावर आडवी होते. त्या खोलीला एकच खिडकी आहे. तिच्यातून लिमफ्योर्डची खाडी दिसत नाही, पण खाडीचा उजेड आत येतो, पाण्यावरून उचलून आणल्यासारखा, किंचित हलता. हवेतलं पीठ त्या उजेडात वर चढत राहतं. कितीही वेळ बघा, खाली येताना दिसत नाही.

उन्हाळ्यातल्या रविवारी त्याच खिडकीतून ग्लायडर दिसतात. पांढरे, लांब पंखांचे, बिनइंजिनाचे. गावामागच्या माळावर आमच्या क्लबचं मैदान आहे. एरवी मी शाळेत सुतारकाम शिकवतो, रविवारी तिथे विंच चालवतो. विंच म्हणजे मैदानाच्या टोकाला उभं असलेलं, दोर गुंडाळणारं यंत्र. दुसऱ्या टोकाला बांधलेला ग्लायडर त्या ओढीने पतंगासारखा वर जातो, मग दोर सुटतो आणि पुढचं वाऱ्यावर. वीस वर्षं मी माणसं आभाळात पाठवत होतो. सख्ख्या बहिणीला मात्र कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटे, तिला विचारणं म्हणजे तिच्या अंगाकडे बोट दाखवणं.

सत्तावन्नाव्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका रविवारी, ती आपण होऊन आली. हातात बदामाच्या गोड पावांची टोपली होती. रांगेत उभी राहिली, सगळ्यांना पाव वाटले, आणि तिची पाळी आल्यावर आमच्या प्रशिक्षक टोवेने पुढे केलेल्या वजनकाट्यावर चढली. टोवेने आकडा बघितला, मग खाली बसून पुन्हा बघितला.

"एकशे एकोणीस," ती हळू आवाजात म्हणाली. "सोल्वाय, पुढच्या सीटला एकशेदहाची मर्यादा आहे. पॅराशूट धरून. ते आठ किलोचं."

"म्हणजे मी एकशेदोनची हवी."

"हो."

"आणि पॅराशूट न घेता?"

"तू मला आवडतेस, म्हणून नाहीच म्हणेन."

सोल्वाय काट्यावरून उतरली. रांगेतल्या पुढच्या माणसाला तिने जागा दिली आणि रिकामी टोपली घेऊन माळ उतरून गेली. मी सुटलेला दोर घेऊन काट्याजवळच आलो होतो, सगळं ऐकत होतो.

दुसऱ्या दिवसापासून तिने काकडी आणि बिनसाखरेची काळी कॉफी, एवढ्यावर राहायचं ठरवलं. दुपारी झोपली की स्वप्नात ग्लायडर यायचे, पण त्यांचे पंख पदर सुटलेल्या पावाचे असायचे, आणि ती चढून बसायच्या आधीच ते खाऊन टाकायची. हे ती मला हसत सांगायची. गिऱ्हाइकांवर मात्र खेकसायला लागली होती. अकराव्या दिवशी मी दुकानात फळी ठोकायला गेलो, तर ती कोठीच्या खोलीत जमिनीवर बसलेली. मांडीवर बदामाच्या पावांचा रिकामा ट्रे.

"किती होते?" मी विचारलं.

"मोजले नाहीत." मग ट्रेमधले कण बोटाने टिपत, "चौदा."

मी तिच्या शेजारी बसलो. बाहेर दुकानाची घंटा वाजली तरी आम्ही दोघंही उठलो नाही.

दुकानात आबेलोने आली होती. वय त्र्याऐंशी. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केलेली बाई. दर गुरुवारी काळा पाव अर्धा घेऊन जायची. कुणी येत नाही म्हटल्यावर ती काठी टेकत सरळ आतच आली. दाराशी उभी राहून तिने ट्रेकडे आणि सोल्वायकडे पाहिलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"मी वजन कमी करतेय, आबेलोने."

"मी ते नाही विचारलं, पोरी."

"काकडी."

"काकडी म्हणजे उभं राहिलेलं पाणी," आबेलोने म्हणाली आणि पिठाच्या पोत्यावर बसली. "आमच्या जहाजावर दर फेरीला दोघं-तिघं तरी असायचे, बंदरावरच्या डॉक्टरने 'कमी खा' म्हणून सांगितलेले. तीन दिवस कमी खायचे आणि चौथ्या दिवशी माझा बिस्किटांचा डबा रिकामा. मग मी त्यांना जेवणाच्या सुरुवातीलाच उकडलेले बटाटे द्यायला लागले. सालासकट, लोण्याशिवाय. बटाट्याला उगीच बदनाम केलंय लोकांनी. लोण्यात तळला की तो चोर, नुसता उकडला की पोटात नांगर टाकून बसतो."

"बटाटे खाऊन कुणी बारीक होतं का?"

"ते मला काय विचारतेस? पोटाला विचार. आजवर तू फक्त जिभेला विचारत आलीस."

सोल्वाय पाव भाजणारी आहे. कणीक किती वेळात फुगते, भट्टी किती वेळात निवते, हे ती घड्याळ न बघता सांगू शकते. आबेलोनेचं बोलणं तिच्या डोक्यात त्याच बाजूने शिरलं. तिने कणीक फुगायला ठेवायच्या कपाटाच्या दारावर खडूने लिहायला सुरुवात केली. काय खाल्लं, आणि पुन्हा भूक लागायला किती वेळ गेला, एवढंच. वजन नाही, आकडेमोड नाही. पहिल्या ओळीत होतं, 'पांढरा गोड पाव, पाऊण तास.' तिच्याखाली, 'काकडी, भूक गेलीच नाही.' दोन अंडी आणि काळ्या पावाची एक चकती साडेतीन तास टिकली. काळा पाव म्हणजे आमच्याकडचा राय धान्याचा, अख्ख्या दाण्यांचा, विटेसारखा जड पाव. तो ती जन्मभर लोकांसाठी भाजत आली होती आणि स्वतः पांढरा खात आली होती. ओट्सची लापशी सफरचंद किसून खाल्ली की दुकानातली पूर्ण गर्दी पार पडायची. पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि कोबी खाऊन ती एकदा संध्याकाळचं जेवण विसरली. त्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या. आणि उकडलेले बटाटे, खारवलेला हेरिंग मासा, वर कच्चा कांदा, यांच्यापुढे लिहिलं होतं, 'साडेचार तास. नंतरही घाई नाही.'

"हे 'घाई नाही' म्हणजे काय?" मी विचारलं.

"भूक येते, पण दार ठोठावून. आधी लाथ मारून यायची."

शरद ऋतू उतरला. खाडीवर सकाळचं धुकं दुपारपर्यंत बसून राहायला लागलं. त्या दिवसांत तिची झोपही बदलली असं ती सांगते. स्वप्नात आता खायचं काही नसायचं. ती धुक्यातून सावकाश वर जात असायची, पोटात लापशीची ऊब, आणि खाली कुठे काही दिसत नसलं तरी पडायची भीती नाही. मी फळ्या ठोकायच्या निमित्ताने जाऊन तिला झोपलेली बघायचो. चेहरा लहानपणीचा व्हायचा, आई उठवायला जायची तेव्हाचा.

गावात कुजबुज झालीच. पोस्टातला केल्ड एकदा गल्ल्यासमोर उभा राहून म्हणाला, "पाववालीच पाव खात नाही म्हणे. मग आम्ही कशाला घ्यायचा?"

"मी काळा खाते," सोल्वाय म्हणाली. "तुला पांढरा हवाय, तू खा. पुढच्या वर्षी काट्यावर भेटू."

तो काळा पाव घेऊन गेला.

नाताळपर्यंत ती एकशेसातवर आली. नाताळात बदक, बटाटे, बदाम घातलेली भाताची खीर, सगळं जेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लापशीवर आली. पण त्यानंतर काटा हलेना. जानेवारी गेला, अर्धा फेब्रुवारी गेला, एकशेसात ते एकशेसातच. बाहेर बर्फ नव्हता, ऊन नव्हतं, नुसता राखाडी उजेड. एकदा मी गेलो तर ती खडू हातात घेऊन कपाटासमोर उभी होती.

"मला हलकं होण्याचा कंटाळा आला, एस्किल."

"मग चार दिवस सुट्टी घे. खा काय हवं ते."

"मी रोज पोटभर खातेय रे. सुट्टी कशापासून घेऊ?"

त्या गुरुवारी आबेलोने आली तेव्हा सोल्वायने तिला कपाटावरच्या ओळी वाचून दाखवल्या. आबेलोनेने खुर्ची मागून घेतली आणि दोन तास भट्टीजवळ बसून राहिली. सोल्वाय काम करत होती. जाताना म्हातारी म्हणाली, "बदामाचं सारण सहा वेळा चाखलंस. साय दोनदा. कडेचा तुटका पाव चार वेळा. आणि तो चमचा तर तू चाटूनच धुतेस. यातलं काही कपाटावर दिसत नाही."

"ते खाणं नाही. ती चव बघणं आहे."

"पोटाला हा फरक कुणी सांगितलाय?"

सोल्वाय हसली, पण कान लाल झाले होते. त्यानंतर तिने पहाटेपासून चाखायचं ते सगळं एका छोट्या बशीत गोळा करायला सुरुवात केली. सकाळची लापशी संपली की लगेच ती बशी, बसून, चमच्याने. भरल्या पोटी तीनच चमच्यांत तिचं मन भरायचं आणि उरलेलं ती सोडून द्यायची. मार्चमध्ये काटा हलला.

जूनच्या दुसऱ्या रविवारी ती मैदानावर आली. टोपली नव्हती, कापडी पिशवी होती. टोवेने काटा ठेवला.

"एकशेएक पूर्णांक सहा दशांश," टोवे म्हणाली. मग तिने पॅराशूटचे पट्टे स्वतः सोल्वायच्या खांद्यांवर चढवले, आणि ते चढवायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, किलोमीटरभर लांब. तिथून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. दोर ताणला, यंत्राने भार घेतला आणि पांढरा पंख गवतावरून सुटला. इतक्या वर्षांत मी दोराकडे कधी इतकं बघितलं नव्हतं. तो सुटून खाली आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण श्वास धरून ठेवला होता.

वरचं सगळं तिने नंतर सांगितलं. वर शांतता असेल असं तिला वाटलं होतं, पण वारा वाजत होता, किटली उकळायच्या आधी वाजते तसा बारीक. नांगरलेल्या काळ्या शेतावर आल्यावर खालून वर चढणाऱ्या गरम हवेने तळहात लावल्यासारखं वाटलं आणि ग्लायडर गोल गोल वर जायला लागला. खाडीतले वाळूचे पट्टे पाण्याखाली एकावर एक लाटल्यासारखे दिसत होते. त्यांतल्या एका पट्ट्यावर सील प्राणी पहुडले होते, दाण्यांएवढे. तिने ते मोजायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात विसरली. ऊन तिच्या मांडीवर पडत होतं, सरकत होतं, पुन्हा येत होतं. किती वेळ गेला हे तिला कळत नव्हतं, आणि ते कळत नाही याचंच तिला नवल वाटत होतं. मागच्या सीटवरून टोवे म्हणाली, "आता सुकाणूचा दांडा तू धर. कणीक मळतेस तसा नको. पदर लाटतेस तसा."

सोल्वायने दोन बोटांनी धरला. पंख कलला, क्षितिज सावकाश तिरकं झालं, पुन्हा सरळ झालं.

"मी काहीच केलं नाही," ती म्हणाली.

"अगदी बरोबर केलंस," टोवे म्हणाली.

पन्नास मिनिटांनी त्या दोघी उतरल्या. मी सायकलवरून मैदान ओलांडून गेलो, तर सोल्वाय पंखाच्या सावलीत गवतावर बसली होती. पिशवीतून डबा काढून ती जेवत होती, उकडलेले बटाटे, हेरिंग, कांदा. तिने एक बटाटा माझ्याकडे सरकवला. आम्ही खाल्लं.

"पुन्हा कधी?" तिने टोवेला विचारलं.

"तुझ्यापुढे पाचजण आहेत."

"थांबते की." ती गवतात आडवी झाली. दुपारचे दोन वाजले होते, तिची झोपेची वेळ टळून गेली होती.

या उन्हाळ्यात तिची एकतीस उड्डाणं झाली. वजन कधी नव्व्याण्णव असतं, कधी एकशेएक, आणि काट्यावर ती आता टोवेशी गप्पा मारत चढते. दुकान रविवारी सकाळी नऊलाच बंद होतं. केल्ड त्याबद्दल कुरकुरतो, पण शनिवारी संध्याकाळी येऊन दोन दिवसांचा काळा पाव घेऊन जातो.