जाळ्याएवढी गल्ली

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गाव गेलं तेव्हाच लिलाधरने मनाशी ठरवलं होतं: नव्या वसाहतीत रस्ता हवा तो मोठा, गावाला शोभेल असा. म्हणून इंजिनिअर झालेली त्याची भाची प्रेरणा ग्रामसभेत अरुंद रस्त्याचा नकाशा घेऊन आली, तेव्हा त्याचं टाळकंच सरकलं.

"मामा, मधात सिमेंटचा पट्टा लहान ठेवू. दोन्ही बाजूले मुरूम, कडुलिंब, अन् तोंडाशी वळण. खर्च अर्धा येते, उरलेल्यात नाल्या होतीन. रुंद केला त रेतीचे टिप्पर इथूनच जातीन."

"आमी घरं बुडवून आलो ते का गल्लीत राहाले?" लिलाधर गरजला. टाळ्या पडल्या. पोरीला भर सभेत गप्प बसवल्याचा त्याला अभिमानच वाटला. रस्ता रुंद झाला, आणि हा पठ्ठ्या चपला काढून त्यावर एक फेरी मारून आला!

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. जुन्या गावात त्याची बायको सखाबाई आणि समोरची कुंताबाई आपापल्या ओट्यावर बसून गल्लीवर मासेमारीचं जाळं ताणायच्या. फाटलेलं विणता विणता साऱ्या गावाची खबर घेऊन व्हायची. इथे जाळं ओट्यापासून ओट्यापर्यंत पुरेना. मग दोघी सरकत सरकत रस्त्यावरच येऊन बसू लागल्या.

टिप्पर सुरू झालेच होते. एका दुपारी चाकात जाळं अडकलं. सखाबाईने टोक सोडून दिलं, पण कुंताबाईने ते मनगटाला गुंडाळलेलं होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ती परतली तेव्हा उजवा पंजा नव्हता.

लिलाधर प्रेरणाकडे धावला. "बाई, तुहा नकाशा काढ. रस्ता लहान कर."

"आता नवा रस्ता फोडाले कोन पैसा देते, मामा?" ती हळूच म्हणाली. चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

शेवटी तो कुंताबाईच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. नजर काही वर होईना. "वहिनी, माह्या हट्टापायी तुमचा हात गेला जी."

"तुमी कायले मनाले लावून घेता, भाऊजी?" कुंताबाई मनापासून म्हणाली. "रस्ता चांगलाच हाय. आमालेच अक्कल नाही. रस्ता का बायकाइले बसाले असते?"

रस्ता तुमचाच होता, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. तेवढ्यात मागे टिप्परचा हॉर्न वाजला, आणि लिलाधर बाजूला झाला.