चार धुरांड्यांचा करार

मृणालीला पहाटे दम लागायचा. थंडीत नारपोलीवरचा धूर वर जातच नाही, खाली बसतो. खिडक्या लावून घेतल्या तरी जळक्या रबराचा वास पार उशीपर्यंत यायचा. केसरीनाथ मुलीला छातीशी टेकवून बसवायचा, बकुळा तिच्या तोंडाला पंप लावायची आणि श्वास पुन्हा नीट लागेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत.

बघायची नाहीत, कारण धूर घरचाच होता. केसरीनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ राकेश यांचं सायझिंग घराला लागूनच होतं. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावायची आणि वाफेवर वाळवायचं, हे काम. वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरला जळण लागतं. चपलांच्या कारखान्यातलं रबराचं कातरण लाकडापेक्षा कितीतरी स्वस्त पडायचं. गल्लीतली चारही सायझिंगं तेच जाळायची.

डॉक्टरांनी मुलीला धुरापासून लांब ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा केसरीनाथने घरी येऊन कातरण बंद केलं आणि लाकूड मागवलं. राकेशला ते पटलं नाही, पण पुतणीसाठी तो गप्प बसला. खर्च वाढला तसा सायझिंगचा दर वाढवावा लागला. लूमवाले काही बोलले नाहीत, त्यांनी नुसतं आपलं सूत शेजारी लडकूशेठकडे नेलं. मुलीचा दम मात्र तसाच राहिला. बाकीच्या तीन धुरांड्यांचा धूर त्याच खिडकीतून येत होता.

"आपलं बंद केलंत," बकुळा एकदा म्हणाली, "मग हिला काय मिळालं?"

केसरीनाथ बाकीच्या तिन्ही सायझिंगवाल्यांकडे फिरला. नाही असं कुणीच म्हणालं नाही. रामनाथच्या आईला रात्रभर खोकला यायचा, लडकूशेठच्या डोळ्यांची आग व्हायची. पण प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, बाकीच्यांनी बंद केलं तर मीही करतो. पहिलं कोण, एवढंच अडलं होतं. शेवटी लडकूशेठच्या ओटीवर चौघं बसले. पुढच्या एक तारखेपासून कुणीही रबर जाळायचं नाही आणि दर चौघांचा एकच ठेवायचा, असं ठरलं. जो मोडेल त्याचा बॉयलर आठवडाभर बंद, ही अट लडकूशेठनी घातली. लिहून काही घेतलं नाही. तोंडी शब्दावर चौघं उठले.

महिन्याभरात मृणाली सलग झोपू लागली. केसरीनाथची झोप मात्र गेली. कामातून उठून तो गच्चीवर जायचा आणि धुरांडी बघायचा. धूर पांढरा आहे की मळकट? ढगामुळे तसा दिसतो की काय? एकदा रामनाथचा धूर काळा वाटला म्हणून तो धावत गेला, तर लाकूड ओलं निघालं. रामनाथने हसून चहा पाजला, पण त्यानंतर रामनाथही काही ना काही निमित्त काढून याच्या बॉयलरकडे डोकावू लागला. चौघांची दोस्ती पूर्वीसारखी राहिली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी लाकडाचा ट्रक आला नाही. केसरीनाथ चौकशीला कोन गावच्या वखारीत गेला, तर वखारवाल्याने उद्याचा वायदा केला. परतताना गल्लीच्या तोंडाशी त्याला काळा धूर दिसला, जाड, गोळ्यागोळ्यांनी वर चढणारा. आधी त्याला रागच आला. मग कुणाचं धुरांडं आहे ते दिसलं आणि तो पळत सुटला.

बॉयलरवरचा यादव त्याला बघून बाजूला झाला. "राकेशभाई ने बोला था," एवढंच म्हणाला. केसरीनाथने बॉयलरमधली आग बाहेर ओढून विझवायला लावली. वर गच्चीवर बकुळा वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने खाली पाहिलं आणि मृणालीला घरात नेलं.

राकेश ऑफिसात बसला होता. माल आजच देण्याचा शब्द दिलाय, तो म्हणाला, गेलेली गिऱ्हाइकं आत्ता कुठे परत आली होती. आणि बाकीचे काय साधू आहेत? अंधार पडल्यावर तेही जाळत असतील.

"तू बघितलंस?"

"न्हाय. पण आपल्यालाही कुणी बघितलं नसंल. वारा खाडीकडं हाय. तू जाऊन सांगितलंस तर उद्या सगळे चालू करतील. मग तुझ्याच पोरीला बाधंल."

हे खोटं नव्हतं. केसरीनाथ खुर्चीत बसला. सांगितलं तर करार मोडेल, आणि न सांगितलं तर? आजवर तो इतरांच्या धुराकडे ज्या नजरेने बघत होता, त्याच नजरेने तेही त्याच्या धुराकडे बघत असणार.  तो उठला आणि लडकूशेठकडे गेला.

लडकूशेठ बॉयलरजवळच बसले होते. केसरीनाथने झालं ते सांगितलं, भावाचं नाव न घेता.  लडकूशेठनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कातरणाची दोन पोती होती, तोंडं सुटलेली.

"धूर बगितला आमी," ते म्हणाले. "तू येतोस का न्हाय, तेच बगत व्हतो. आला नसतास तर ही आत गेली असती. रामनाथबी मागवून बसलाय."

 केसरीनाथ तिथेच पायरीवर बसला.

ठरल्याप्रमाणे आठवडाभर बॉयलर बंद राहिला. त्याचं सूत इतर तिघांनी त्याच दरात करून दिलं. राकेश मात्र त्या आठवड्यात वेगळा झाला आणि टेमघरला गाळा बघायला लागला. भावाशी बोलणं त्याने टाकलं. मृणाली काका का येत नाही म्हणून विचारायची, तेव्हा बकुळा विषय बदलायची.

मार्चमध्ये गल्लीच्या मागच्या रिकाम्या जागेत विटा पडल्या. केसरीनाथला गच्चीवरून लोखंडी पत्र्याची गोल नळकांडी दिसली. पाचवं धुरांडं. मालक बाहेरचा होता, त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि त्याने कुणाला काही शब्द दिलेला नव्हता.  बकुळाला सांगून तो तसाच निघाला.

मालक अजून आलेला नव्हता. विटांच्या ढिगावर लडकूशेठ आणि रामनाथ आधीच बसले होते. त्यांनी सरकून त्याला जागा करून दिली, आणि तिघं रस्त्याकडे बघत वाट पाहू लागले.